माती सगळं पचवते

ज्याने कुणी आपल्याला शिकवलं की कचरा दाराबाहेर गेला म्हणजे संपला, त्याने आपला घात केलेला आहे. नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण तो माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरी जेवून, हात धुऊन, उष्टं पिशवीत भरून गेलेला आहे. सकाळी घंटागाडीचं गाणं वाजतं, आपण नाक दाबून पिशवी फेकतो आणि पाठ फिरवून देवपूजेला लागतो. पिशवी पुढे कुठे जाते, तिथे कोण राहतं, त्यांच्या नाकाचं काय होतं, हे विचारणारा या शहरात वेडा ठरतो.

शेखर तसा वेडा नव्हता. नाशिकमध्ये अंबडच्या एका कारखान्यात तो क्वालिटी डिपार्टमेंटला होता. दुसऱ्यांनी केलेल्या मालातल्या चुका शोधायच्या, हे त्याचं काम. (घरी हेच काम उज्वला करत असे, आणि तिला त्यात जास्त गती होती.) त्या दिवशी झालं एवढंच, की घंटागाडी वेळेआधी आली. शेखर बनियनवर, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात लुंगीचं टोक, असा गाडीमागे धावला. गाडी थांबली नाही. पिशवीचं बूड मात्र सुटलं, आणि आदल्या दिवसाची वांग्याची भाजी, चहाचा चोथा आणि अंड्यांची टरफलं पाथर्डी फाट्याच्या रस्त्यावर सर्वांना बघायला खुली झाली. (अंड्यांबद्दल त्याच्या आईला माहीत नव्हतं. त्या क्षणापर्यंत.)

घरी येऊन त्याने जाहीर केलं, "आजपासून मी गाडीमागे धावणार नाही."

"मग काय, गाडी तुझ्यामागे धावणार?" उज्वला म्हणाली.

निर्णय एवढाच होता. माणसं यापेक्षा लहान निर्णयांवरून बरबाद झाली आहेत, पण शेखरइतकी सावकाश कुणी झालं नसेल.

आता त्याच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. लंकाबाई निफाडकडची. जन्मभर शेतात राबलेली. नवरा गेल्यावर शेखर तिला नाशिकला घेऊन आला आणि चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिला एक खोली, एक टीव्ही आणि एक गॅलरी दिली. गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या दिसत. लंकाबाई त्यांच्याकडे बघत बसे. काही दिवसांनी ती बोलायची कमी झाली, मग जेवायची कमी झाली.

"मला शिंक्यावरल्या दुधावाणी टांगून ठेवलंय तुम्ही," ती म्हणे. "मी जाते गावाला."

"गावाला कोण आहे आई आता?"

"माती हे."

रात्री शेखर उज्वलाला म्हणे, आई अशीच राहिली तर एक दिवस खरंच निघून जाईल. आणि तिथे त्या बंद घरात एकटी काय करेल? सासूशी उज्वलाचं फार जमत होतं असं नाही, पण रिकाम्या गॅलरीत पाठमोरं बसलेलं माणूस तिलाही बघवत नव्हतं.

तर घंटागाडी चुकली त्या सकाळी शेखरच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम जुळल्या: घरात कचरा आहे आणि आईला माती हवी आहे. बिल्डिंगच्या मागे एक मोकळी जागा होती. तिथे फुटक्या फरशा, एक तुटका कमोड आणि कुणीतरी विसर्जित केलेला सोफा पडून होता. सोसायटीचं नाव गोदांकुर. गोदावरी तिथून दिसत नाही, आणि अंकुर तोपर्यंत कुणी पाहिला नव्हता.

शेखरने सोसायटीची मीटिंग बोलावली आणि आयुष्यातलं पहिलं भाषण केलं. सेक्रेटरी रविराज मोबाइल बघत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या मंगलाबाई मात्र पुढे बसून ऐकत होत्या. त्यांना कुठलंही भाषण आवडतं.

"जे मातीतून आलं ते मातीला परत द्या!" शेखर म्हणाला. "आपलं ओलं, उष्टं, सडकं, नको असलेलं, सगळं मागच्या खड्ड्यात टाका. तुम्हाला वाटतं ती घाण आहे. मातीला घाण हा शब्दच माहीत नाही. माती सगळं पचवते!"

"सगळं म्हणजे अगदी सगळं?" मंगलाबाईंनी विचारलं.

"सगळं!"

("प्लास्टिक सोडून," असं तो पुढे म्हणाला होता, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. टाळ्यांमध्ये माणसाचं महत्त्वाचं वाक्य नेहमी वाहून जातं.)

रविराजने मोबाइलवरून मान वर केली. "पार्किंगची शेड होईपर्यंत काय लावायचं ते लावा. पण वास आला तर मी जबाबदार नाही."

"वास आला तर मी जबाबदार."

"काहीही झालं तरी?"

"काहीही झालं तरी!" शेखर म्हणाला. उज्वलाने डोळे मिटून घेतले.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. कमोड उचलला, सोफा भंगारवाल्याने नेला. खड्डा खणला. त्यात रोज बिल्डिंगभरचं ओलं पडू लागलं, वर झाडांचा पालापाचोळा, कोपऱ्यावरच्या रसवंतीतली उसाची चिपाडं, आणि विरजण म्हणून गूळ घातलेलं ताक. दिंडोरीच्या एका बागायतदाराकडून द्राक्षांचे फुटके क्रेट आणले, एक चिरलेली पाण्याची टाकी उभी कापली, रंगाचे रिकामे डबे ठेवले. वाफे तयार झाले. आणि एका सकाळी लंकाबाई लिफ्टने एकटी खाली आली (लिफ्टला ती फार घाबरत असे), तिने पदर खोचला, शेखरच्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि म्हणाली, "सर तिकडं. पेन धरल्यावाणी धरू राहिला."

त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली.

मेथी आली. पालक आला. मिरचीला फुलं आली, दुधीचा वेल रविराजच्या खिडकीपर्यंत चढला. लंकाबाई सकाळपासून खालीच. आणि खाली बसलं की बायका भेटतात. दुसऱ्या मजल्यावरच्या तेजलचं तान्हं बाळ दूध पीत नव्हतं, सारखं किरकिर करत होतं. लंकाबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि निदान केलं, "नजर हे ही. डाक्टरकडं काय नेऊ राहिली?" तिन्हीसांजेला तिने मुठीत खडेमीठ आणि मोहरी घेतली, बाळावरून उतरवली, काहीतरी पुटपुटली. बाळ झोपलं. (ते रडून रडून दमलं होतं, आणि कुठल्याही परिस्थितीत झोपणारच होतं, पण हे शेखरचं मत. बिल्डिंगने ते विचारलं नाही.)

मग काय! रोज दिवेलागणीला बागेत उलट्या क्रेटांच्या पारावर रांग लागू लागली. कुणाचं लेकरू जेवत नाही, कुणाच्या मुलीला स्थळ येत नाही, कुणाच्या नवऱ्याचा बॉस खार खातो. मुलं आली, मुलांचे बाप आले. रविराजने नवी गाडी घेतली तेव्हा गाडीची दृष्ट काढायला लंकाबाईंनाच बोलावलं. तिने गाडीच्या आकाराकडे बघून दोन्ही मुठी भरल्या. ज्या बाईला बिल्डिंगमध्ये कुणी नावाने ओळखत नव्हतं, तिला आता लिफ्टमध्येही लोक जागा करून देत.

शेखरला हे पटत नव्हतं. तो विज्ञानाचा माणूस. पण आई हसत होती, जेवत होती, गावाचं नाव काढत नव्हती. तो गप्प बसला. उतरवलेलं मीठ पुढे कुठे जातं, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. (कचऱ्याची पिशवी पुढे कुठे जाते, हा पडला होता.)

गावाकडे ते चुलीत टाकतात. मोहरी तडतडली की नजर जळाली. इथे लंकाबाईने पहिल्यांदा गॅसवर टाकून पाहिलं; बर्नर चोंदला आणि उज्वलाने संध्याकाळभर तोंड पाडलं. तिठ्यावर टाकावं तर तिथे कॅमेरा बसवलेला. संडासात टाकावं तर नजर घरातच फिरत राहते, असं मंगलाबाईंचं म्हणणं पडलं. मग मंगलाबाईंनाच आठवलं, "अहो लंकाबाई, तुमचा शेखरच म्हणाला ना, माती सगळं पचवते!"

बायकांना ते पटलं. बिल्डिंगमध्ये शेखरचा शब्द इतक्या मनापासून पाळला जाण्याची ही पहिली आणि शेवटची वेळ.

संक्रांतीला बाग ऐन भरात होती. घरटी एकेक मेथीची जुडी वाटली. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका गच्चीत उभ्या राहून बघत होत्या. मंगलाबाई जुडी छातीशी धरून म्हणाल्या, "इतकी फुललीय हो! कुणाची नजर लागायला नको."

आणि लागली. निदान लंकाबाईच्या मते लागलीच. खड्ड्यातलं नवं खत घालून पेरलेली पुढची मेथी उगवली तीच पिवळी. मिरचीच्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या करपल्या. दुधीने फुलं गाळली. पालक तेवढा तग धरून होता. आणि खड्ड्याच्या कडेला, कुणी न पेरता, मोहरीची रोपं मात्र जोमाने वर आली. "निसर्गाची देणगी!" असं म्हणून शेखरने तिचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. उज्वलाने खाली एक अंगठा दाखवला. (तिचा अंगठा कसा वाचायचा हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याला कळलेलं नव्हतं.)

"ते समोरच्या बायांचं काम हे," लंकाबाई म्हणाली. "टकमक टकमक बघू राहिल्या होत्या. बागेचीच काढावी लागंल आता."

त्या संध्याकाळपासून माणसांबरोबर झाडांचीही दृष्ट निघू लागली. प्रत्येक वाफ्याला एक मूठ, वेलाला एक, मिरचीला जास्त, कारण मिरचीचं जास्तच बिघडलं होतं. उतरवायचं आणि तिथेच मातीत टाकायचं. सकाळी झाडं आणखी मलूल. मग संध्याकाळी आणखी मोठी मूठ. नजर जबर होती. उपाय त्याहून जबर.

शेखरने मातीवर पांढरी बुरशी धरल्यासारखं काहीतरी पाहिलं आणि आईला दाखवलं. लंकाबाई त्या थराकडे बघून चुकचुकली. "मीठ फुटलंय र. पाणी लय पाजलं तू. आमच्याकडं कालव्याचं पाणी आलं, लोकांनी पाट सोडून दिले, तवा रानं अशीच पांढरी झाली होती. पाणी तोड."

ती जन्मभर शेतात राबलेली. तो जन्मभर एसीत चुका शोधत बसलेला. त्याने पाणी तोडलं. जे थोडंफार मीठ वाहून खाली जात होतं, तेही आता वर येऊन बसलं.

होळी झाली तशी बाग उभ्या उभ्या वाळू लागली. ऊन तर होतंच. शेखरने कारखान्यातली पद्धत घरी आणली: एकाच चुकीला पाच वेळा 'का' विचारायचं. मेथी का मेली? मुळं सुकली. मुळं का सुकली? पाणी नव्हतं. पाणी का नव्हतं? मी तोडलं. का तोडलं? आई म्हणाली. आई का म्हणाली?

"पाचवा 'का' आईंना विचारायची हिंमत आहे का तुझ्यात?" उज्वलाने विचारलं.

त्याने कागद दुमडून खिशात ठेवला.

इकडे रविराजने नोटीस लावली. पाडव्यानंतर सर्वसाधारण सभा. विषय, मागील जागेवर पार्किंग शेड. नव्या गाडीवर कबुतरं बसत होती, हा त्याचा मुद्दा होता, आणि गाडीकडे पाहिलं तर मुद्द्यात दम होता. लंकाबाईने नोटीस दुसऱ्याकडून वाचून घेतली. त्या रात्री ती जेवली नाही.

"बाग राहिली तर मी हे," ती झोपताना म्हणाली. "नाय तर मला गाडीत बसवून दे. त्या गॅलरीत मी परत बसायची नाय, सांगून ठेवते."

शेखरला आता फक्त एकच गोष्ट हवी होती: सभेपर्यंत कारण सापडायला हवं. कारण सापडलं तर मुदत मागता येईल. मुदत मिळाली तर पावसाळा येईल. पावसाळा आला तर बाग, आणि बाग तर आई.

कारण सभेच्या सकाळी मिळालं. ते चार पायांवर आलं. वॉचमनने गेट उघडं ठेवलं आणि रस्त्यावरची एक मोकाट गाय आत शिरली. वरून मंगलाबाई ओरडल्या, "शेखरभाऊ! गाय शिरली हो बागेत!" शेखर काठी घेऊन धावला. (बनियनवरच. त्याच्या आयुष्यातले सगळे महत्त्वाचे प्रसंग बनियनवरच घडतात.)

गाय पालकाच्या वाफ्यापाशी उभी होती. पालक समोर होता. हिरवा, उरलेला, एकुलता एक पालक. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. ती डोळे मिटून माती चाटत होती. लहान मूल गोळी चघळतं तशी, अगदी तब्येतीने. शेखरने काठी आपटली, गाय हलली नाही. शेपटीला हात लावला, तिने शेपटी त्याच्या तोंडावर मारली आणि चाटणं चालू ठेवलं.

शेखर काही वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. मग तो खाली बसला, बोट मातीत टेकवलं आणि जिभेला लावलं.

"अगं बाई, शेखरभाऊ माती खातायत!" वरून बातमी प्रसारित झाली. "उज्वला! ए उज्वला! बघ गं खाली!"

त्याने खड्ड्यापाशी जाऊन हाताने वरचा थर उकरला. वाळलेली लिंबं निघाली. मोहरीचे दाणे निघाले, इतके की फोडणीला बिल्डिंगला वर्षभर पुरले असते. आणि खडेमीठ. ओलं, चिकट, तळहाताला बोचणारं मीठ. निसर्गाची देणगी कुठून आली होती तेही त्याला कळलं.

तो वर आला तेव्हा उज्वला दारातच उभी होती.

"खरंच माती खाल्लीस?"

"मीठ आहे त्यात. आईचं मीठ. संक्रांतीच्या आधीपासून सगळ्या बिल्डिंगची नजर उतरवून मातीत टाकतायत. म्हणजे आपण खत नाही केलं उज्वला, लोणचं घातलं."

उज्वला खुर्चीत बसली. तिला हसू आलं, मग ते गेलं.

"तू कधी टाकलंस?" त्याने विचारलं.

"मी कशाला टाकू?"

"उज्वला."

"तुझ्या प्रमोशनच्या वेळी एकदा," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "आईंनी मूठ उतरवून हातात दिली. मी काय करणार होते, आमटीत घालणार होते?" आणि थोड्या वेळाने, "प्रमोशन झालंही नाही."

आतून लंकाबाईचा आवाज आला, "शेकर, गेली का रं गाय? काय खाल्लं तिनं?"

"काही नाही आई," तो म्हणाला.

संध्याकाळी सभा भरली. लंकाबाई ठेवणीतलं पातळ नेसून पुढच्या रांगेत बसली होती. तिच्या एका बाजूला मंगलाबाई, दुसऱ्या बाजूला तेजल, आणि तेजलचं बाळ लंकाबाईच्या मांडीवर. रविराजने विषय मांडला. बाग चांगली कल्पना होती, पण प्लॅनिंग नाही, शिस्त नाही, आता नुसती काटक्यांची रांग उरलीय, वगैरे.

शेखर उभा राहिला. "मातीत मीठ झालंय. बाकी काही नाही. भरपूर पाणी सोडून धुतली, एक पावसाळा गेला, की माती पूर्ववत होते. मला फक्त दिवाळीपर्यंत मुदत द्या."

कुजबुज झाली. रविराज वाईट माणूस नव्हता. त्याने विचार केला. "हरकत नाही. पण मीठ आलं कुठून, ते कळायला पाहिजे. ज्यानं टाकलं त्यानं पुढं यावं, परत टाकणार नाही म्हणावं. मग देऊ मुदत. नाहीतर पावसाळ्यानंतर परत तेच."

अगदी वाजवी बोलणं होतं. शेखरने तोंड उघडलं. समोर आई बसली होती. ती त्याच्याकडे अभिमानाने बघत होती. पोराला कारण सापडलं याचा तिला आनंद झाला होता. तिचा हात बाळाच्या टाळूवर होता. आता हे सांगायचं म्हणजे काय? की आई, बाग तू मारलीस. प्रेमाने, रोज, मुठीमुठीने. आणि तेही या सगळ्या बायकांसमोर, ज्यांच्यामुळे तुला इथे पहिल्यांदा कुणी विचारलं. बायकांनी माना खाली घातल्या असत्या, आणि उद्या संध्याकाळी पारावर कुणी आलं नसतं.

बाग वाचवायची तर आई जाईल. आई वाचवायची तर बाग जाईल. क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये असल्या मालावर शिक्का मारून तो बाजूला ठेवतात. इथे बाजू नव्हती.

"मी टाकलं," शेखर म्हणाला.

"तुम्ही?"

"गोगलगायी झाल्या होत्या. मीठ टाकलं की मरतात असं नेटवर वाचलं."

"मला तर एकही गोगलगाय दिसली नाही," मंगलाबाई म्हणाल्या.

"मेल्या ना."

सभा हसली. रविराजने हसू दाबत विचारलं, "मग परत नाही टाकणार, असं लिहून देता?"

शेखरने आईकडे पाहिलं. आज संध्याकाळीही तिची मूठ भरलेली असणार, उद्याही. तो कुणाच्या वतीने काय लिहून देणार होता?

"नाही देता येणार," तो म्हणाला.

सभा हसायची थांबली. हा माणूस हट्टाने झाडं मारतोय, असं एकंदरीत मत झालं. हात वर झाले. शेड मंजूर झाली. तेजलनेही हात वर केला. तिचा दुसरा हात बाळाच्या पायाला होता. मंगलाबाई निघताना लंकाबाईंना हळूच म्हणाल्या, "मुलगा पूर्वी असा नव्हता हो."

घरात आल्यावर लंकाबाईने चप्पल काढली आणि तशीच उभी राहिली.

"मातीच्या तोंडात मीठ घातलंस?"

"आई..."

"तुझ्या बापानं जन्मात रानात चप्पल घालून पाय ठेवला नाय. अन् तू मीठ घातलं. गोगलगायीसाठी." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "मला वाटायचं, मी तुझ्यापाशी ऱ्हाऊ राहिले तर माझ्याच माणसात ऱ्हाऊ राहिले. नाय र. उद्या मला निफाडच्या गाडीत बसवून दे."

उज्वला पुढे झाली. "आई, अहो तसं नाहीये, ते मीठ..."

"उज्वला," शेखर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या एका शब्दावर ती थांबली.

दुसऱ्या दिवशी लंकाबाईची पिशवी भरून झाली. दाराशी ती अडखळली. राग होता, पण पोर ते पोरच. "असा नव्हता हा," ती स्वतःशीच म्हणाली. "ह्यालाच कुणाची तरी लागली." ती स्वयंपाकघरात गेली, मूठ भरून आली, आणि त्याला दारात उभं करून डोक्यापासून पायापर्यंत उतरवलं. आल्यागेल्याची, पापीकपट्याची, शेजारापाजाराची. शेखर मान खाली घालून उभा राहिला. मग ती पिशवी त्याच्या हातात देऊन, बंद मूठ घेऊन, पुढे खाली उतरली. तो मागून जिना उतरत होता. फाटकाशी न जाता ती सवयीने मागच्या बाजूला वळली. त्याला हाक मारता आली असती.

गाडीत बसल्यावर तिने खिडकीतून सांगितलं, "जेवत जा." आणि गाडी गेली. गॅलरीतली खुर्ची उज्वलाने आत घेतली. तिथे बसायचं कुणाला होतं?

आठवड्याभराने शेडचं काम सुरू झालं. वाळलेला वेल ओढून काढला, क्रेट रचून ठेवले, जमीन सपाट केली. शेखर कामावरून आला तेव्हा पेव्हर ब्लॉक बसवणारा कंत्राटदार बुलेटला टेकून माणसांवर देखरेख करत होता. मळकट पांढऱ्या मातीचे पट्टे अजून दिसत होते. त्यांच्यावर लाल-करडे ब्लॉक एकेक करून झोपवले जात होते. शेखर डबा हातात घेऊन उगाचच उभा राहिला.

कंत्राटदाराने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि खूश होऊन म्हणाला, "साहेब, ब्लॉकच्या फटीतून गवत येऊ नये म्हणून आम्ही आधी खाली मीठ मारतो. तुमच्याकडं मारायचं कामच पडलं नाही. आधी कोण होतं इथं कामाला? लय मन लावून केलंय हो त्यानं."